दोन बहिणी, घरची जबाबदारी आणि घरातलं भूत : कुमारवयीन भयकादंबरी लिहिताना

मोठ्या बहिणीवर घर आणि धाकटी सोपवलेली, आणि त्या घरात आणखी कुणीतरी आहे. अशा कादंबरीवर काम करताना हाताशी आलेल्या या काही नेमक्या युक्त्या.

~

भूत नंतर. आधी ताईचं दिवसाचं वेळापत्रक मांडा : धाकटीला उठवणं, शाळेची तयारी, आईची औषधं, गृहपाठ, रात्री दारं-खिडक्या लावणं. प्रत्येक कामापुढे ‘हे चुकलं तर काय?’ लिहा आणि भीतीचे प्रसंग याच यादीतून उचला. पडद्यामागच्या सावलीपेक्षा औषधाच्या पाकिटात दोन गोळ्या कमी भरणं जास्त घाबरवतं, कारण त्याचा जाब ताईलाच द्यायचा आहे.

~

वयं विचार करून ठरवा. मुलांना आपल्याहून थोड्या मोठ्यांच्या गोष्टी वाचायला आवडतात, म्हणून तेरा-चौदाच्या वाचकासाठी ताई १६ वर्षांची. धाकटी ८-९ची बरी : खोटं बोलू शकते, गुपित राखू शकते, पण रात्री एकटी राहू शकत नाही. चार वर्षांची घेतली तर संवाद आटतात, तेराची घेतली तर जबाबदारीच उरत नाही.

~

मोठी माणसं कुठे आहेत, याचं उत्तर बहुतेक हस्तलिखितांत कच्चं असतं. पहिल्याच प्रकरणात आईवडिलांना अपघातात मारणं ही पळवाट आहे. आई घरातच, पण अंथरुणाला खिळलेली ठेवा. बाहेर कळलं तर आपल्याला वेगवेगळ्या नातेवाइकांकडे पाठवतील, या धास्तीने ताई गप्प राहते. मग फोनची बॅटरी संपवावी लागत नाही. फोन चालू असतो, ती लावत नाही.

~

खरं की भास, हा प्रश्न जितका लांबवाल तितकं चांगलं. साहित्यसमीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुत साहित्याची व्याख्या वाचकाच्या याच दोलायमान अवस्थेवर बेतली. इथे जबाबदारीच ती संदिग्धता पुरवते. रात्री दोनदा धाकटीसाठी उठणाऱ्या मुलीची झोप तुटक असते, आणि तुटक झोपेत निद्रा-पक्षाघाताची शक्यता वाढते : जाग आलेली असते, पण स्वप्नांच्या झोपेत सैल पडलेले स्नायू अजून हलत नाहीत. छातीवर दाब येतो, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री वाटते. हे काही सेकंद, कधी काही मिनिटं टिकतं. पहिलं दर्शन इथे बसवा. दुसरं अर्धवट झोपेत. तिसऱ्या वेळी ताई टक्क जागी हवी, आणि तेच धाकटीलाही दिसायला हवं. बिघडतं ते लेखक पहिल्याच प्रसंगात डॉक्टरांकडून खुलासा करून घेतो तेव्हा. खुलासा उशिरा आणि अपुरा येऊ द्या, एक तपशील त्यात न बसणारा ठेवा.

~

याला जोडून : भयकादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका ॲन रॅडक्लिफ यांच्या १८२६ साली, मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या निबंधात दहशत (terror) आणि बीभत्स भीती (horror) यांत फरक केला आहे. पहिली मनाच्या शक्ती जाग्या करते, दुसरी त्या गोठवते. या वयाच्या वाचकाला रक्ताची थारोळी फार वेळ धरून ठेवत नाहीत.

~

भुताचे नियम तीन वाक्यांत लिहून ठेवा : काय करू शकतं, काय करू शकत नाही, त्याला काय हवंय. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. जे ताई मनात आणते पण बोलत नाही, तेच भुताला हवं असावं. ‘हिला कुणीतरी घेऊन जावं, मला एक दिवस तरी मोकळा मिळावा.’ हा विचार साधारण एक तृतीयांश कादंबरी झाल्यावर पूर्ण प्रसंग म्हणून लिहा, एका ओळीत उरकू नका. त्यापुढचं सगळं त्याचंच देणं आहे. ताई सोशिक देवी केली की हे घडूच शकत नाही, आणि पुस्तक तिथेच निर्जीव होतं. धाकटीलाही भुताचं नुसतं झाड, म्हणजे भूत जिच्या अंगात येतं ती, एवढंच करू नका. तिचे हट्ट, तिची चिडचिड शाबूत ठेवा, नाहीतर ती बदलली हे कळणार कशावरून?

~

लांबी : इंग्रजीत या वयोगटाच्या कादंबऱ्या साधारण ५०,००० ते ८०,००० शब्दांच्या असतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच ऐवज कमी शब्दांत बसतो. प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेने संपवू नका. तिसऱ्या थापेला वाचक घाबरत नाही.

~

शेवटी काका येऊन सोडवतात, हा शेवट टाळा. भूत गेलं तरी आई आजारीच असते. फक्त वेळापत्रकातली दोन कामं आता धाकटीकडे जावीत, आणि ती तिने मागून घ्यावीत. एखादं काम बाहेरच्या मोठ्या माणसाकडेही जावं, ताईने स्वतः जाऊन सांगितल्यामुळे.