सुनेचं घर, मालकाचा उलटा अर्ज आणि पोलीस

प्रेषक: प्रकाश, म्युनिक

नमस्कार मंडळी,

आपल्या म्युनिकच्या मंडळातले बरेच जण आता पुण्यात परत जाऊन राहिलेत, म्हणून इथे विचारतो.

आमची सून जर्मन. एम्प्लॉयमेंट व्हिसावर खराडीत नोकरी करते. मुलगा सध्या कामासाठी इकडे, त्यामुळे ती तिथे एकटी. लिव्ह अँड लायसन्सच्या भाडेकराराची मुदत अजून बाकी आहे, तरी मालकाने घर सोडायला सांगितलं. ती नाही म्हणाली. एका संध्याकाळी ऑफिसातून आली तर लॅच बदललेला, सामान आत. चौकीत गेली. खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून एनसी करून पाठवून दिली. कागद मराठीत होता, तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी मालकाने उलटा अर्ज दिला: ही बाई रात्री-बेरात्री माणसं आणते, हिचा व्हिसा तपासा. तेव्हापासून चौकीतून फोन येतो तो पासपोर्ट घेऊन या एवढ्यासाठीच. कुलपाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती मैत्रिणीकडे राहते आहे. चिरंजीव म्हणतात, डिपॉझिटवर पाणी सोडू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नाही. परदेशी माणसाला आपले पोलीस न्यायाने वागवतात का, हे अनुभवाने सांगणारं कोणी आहे का?

प्रकाश

---

प्रेषक: मीनल, औंध

प्रकाशदादा,

वाचून फार वाईट वाटलं. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. डिपॉझिट परत मिळत नाही एवढीच तक्रार असती तर साताऱ्याहून शिकायला आलेल्या मुलालाही चौकीत हेच उत्तर मिळालं असतं, आणि ते कायद्याला धरून असतं. तो पैशाचा वाद आहे. पण करार चालू असताना कुलूप बदलून सामान अडकवणं ही वेगळी गोष्ट. त्याला सिव्हिल मॅटर म्हणून बाजूला सारता येत नाही. आणि एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटने सांगितल्याशिवाय पोलीस तिचा तपासच करत नाहीत. म्हणून तर कोणी फोन करत नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल. मी अधूनमधून परदेशी विद्यार्थ्यांबरोबर चौकीत जाते. सगळ्यांना सारखं वागवलं जातं असं मी म्हणणार नाही. तुमच्या सुनेला खुर्ची मिळाली. मागे कोंढव्याच्या बाजूला राहणाऱ्या एका सुदानी मुलाबरोबर गेले होते, तो सगळा वेळ उभा होता. त्याच्या दुचाकीला उलट्या बाजूने आलेल्या गाडीने उडवलं होतं, गुडघा सोललेला, पँट रक्ताने चिकटलेली. गाडीवाला आत टेबलाशी बसून कोणाला तरी फोन लावत होता. मुलाला पहिला प्रश्न लायसन्सचा, दुसरा व्हिसाचा. लागलंय का, हे मी विचारायला लावलं तेव्हा विचारलं.

मग हवालदारांनी जबाब लिहून घेतला. मुलगा इंग्रजीत सांगतोय, ते मराठीत लिहितायत, सुवाच्य अक्षरात, भराभरा. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा मी म्हटलं, साहेब, मी मोठ्याने वाचते आणि त्याला समजावते. वाचलं, तर त्यात ‘समोरून येणाऱ्या वाहनास धडक बसली’ एवढंच. गाडी उलट्या बाजूने आली, हे कुठेच नव्हतं. निम्मी केस त्या वाक्यात होती. मी दाखवलं. हवालदारांनी काहीही खळखळ न करता ते वाक्य घातलं, बाजूला सही केली आणि पोरगं नीट चालत नाही म्हणून स्वतः रिक्षा थांबवून ससूनला पाठवलं. तो माणूस वाईट नव्हता, वैरीही नव्हता. मी नसते तर मात्र त्या मुलाने न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली असती, आणि पुढे कोर्टात तोच कागद त्याच्या विरोधात उभा राहिला असता.

कायदा आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १७३ बघा. तोंडी तक्रार लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, एफआयआरची प्रत फुकट द्यायची. ठाणेदाराने दखलपात्र गुन्हा नोंदवून घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, वरिष्ठांकडे पाठवता येते. पुणे शहरात आपण ती पोलीस उपायुक्तांकडे पाठवतो. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेट. ही वाट परदेशी माणसालाही तेवढीच खुली आहे.

आणि मालक व्हिसा तपासा म्हणतोय ना? मग आपणही विचारू या, की त्याने सी फॉर्म भरला होता का. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं हे घर देणाऱ्याचं काम आहे. किती मालक ते करतात, मला शंका आहे. करार नोंदवण्याची जबाबदारीसुद्धा १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाचीच. पण त्याआधी सुनेचे कागद तपासा. नोंदणी झालेल्या परदेशी माणसाने घर बदललं तर तेही कळवावं लागतं. ते राहिलं असेल तर आधी ते करा, मग भांडा.

मीनल

---

प्रेषक: श्रीकांत, सहकारनगर

मीनल,

तुझी कळकळ समजते, पण दुसरी बाजूही मांडतो. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर परदेशी मुलं राहायची. पहाटेपर्यंत गाणी, जिन्यात बाटल्या. आम्ही तीनदा तक्रार केली तेव्हा एकदा बीट मार्शल आले. म्हणजे स्थानिकांना तरी कुठे न्याय मिळतो? पोलीस सण, बंदोबस्त, व्हीआयपी यांतच पिचलेत. शिवाय १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीचा स्फोट झाला, त्यात परदेशी माणसंही गेली. त्या शहराच्या पोलिसांनी कोण कुठे राहतंय हे विचारू नये का? व्हिसा संपून राहणारे लोक असतात, हे तूही नाकारणार नाहीस. म्युनिकमध्ये आपल्यालाही पत्ता बदलला की नोंद करावी लागतेच.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: मीनल, औंध

काका,

विचारावं, जरूर विचारावं. माझा आक्षेप कधी विचारतात याला आहे. मुलगी कुलपाची तक्रार घेऊन गेली तेव्हा पासपोर्टचं कोणाला सुचलं नाही. मालकाने अर्ज दिल्यावर सुचलं, आणि मूळ तक्रार बाजूला पडली. दोन अर्ज आहेत तर दोन्हींची चौकशी करा, एवढंच मागणं आहे.

स्थानिकांनाही खेटे घालावे लागतात, हे अगदी खरं. पण तुम्ही नगरसेवकाला फोन लावू शकता, सोसायटीचे चेअरमन तुमच्याबरोबर येतात, आणि प्रकरण लांबलं तरी तुम्ही सहकारनगरातच राहणार असता. तिच्या व्हिसाला तारीख आहे. समोरच्याने खोटी का होईना, फिर्याद दिली तर पुढच्या मुदतवाढीच्या वेळी त्या फिर्यादीचा विषय निघणार, ही भीती तिच्या पोटात असते. मालकाला ते नेमकं ठाऊक असतं. म्हणून ‘मिटवून टाका’ हे वाक्य तुम्हाला आणि तिला सारखं लागू होत नाही. आपल्यापैकी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, असलेल्यांनीही याचा विचार करावा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी ओसीआय रद्द होऊ शकतं. दोषी ठरण्याची वाट बघायची गरज नाही.

घटनेच्या १९ व्या कलमातली स्वातंत्र्यं नागरिकांपुरती आहेत, पण १४ आणि २१ सगळ्यांसाठी आहेत. २००० साली चंद्रिमा दास खटल्यात सुप्रीम कोर्टाने हावड्याला अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेची दहा लाखांची भरपाई कायम केली, ती याच आधारावर. ती या देशाची नागरिक नाही, ही सबब कोर्टाने ऐकून घेतली नाही.

आणि पुण्याला तर परदेशी माणसाबद्दलचा जिव्हाळा नवा नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने पडलेल्या मॉरिशसच्या एका मुलाची आबाळ पाहून शां. ब. मुजुमदार सरांना परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करावंसं वाटलं, त्यातून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभं राहिलं. त्या शहरात आज एकट्या मुलीबरोबर चौकीपर्यंत जायला माणूस नसावा, याचा मला मनापासून त्रास होतो.

प्रकाशदादा, डिपॉझिटवर पाणी सोडू नका. एनसीची प्रत, करार, भाडं दिल्याचं बँकेचं स्टेटमेंट, बदललेल्या लॅचचे फोटो आणि वॉचमनचं नाव, एवढं घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. मराठीत रीतसर तक्रार लिहू. पासपोर्टची झेरॉक्स द्यायची, मूळ पासपोर्ट दाखवून परत घ्यायचा. ठेवून घेतो म्हणाले तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागायचं. मुंबईच्या जर्मन वकिलातीला एक मेल आजच टाका. वकिलात घर मिळवून देणार नाही, पण नोंद राहील.

मंडळातले पुण्यात कोण कोण आहेत? खराडी, वाघोली, विमाननगर भागात मराठी वाचून दाखवायला आणि सोबत जायला कोणी तयार असेल तर कळवा. वकील असण्याची गरज नाही.

मीनल

---

प्रेषक: प्रकाश, म्युनिक

मीनलताई,

तिच्याशी आत्ताच बोललो. पत्ता बदलल्याची नोंद तिने तेव्हाच ऑनलाइन केली होती, प्रिंट आहे. सी फॉर्म मात्र कंपनीच्या गेस्ट हाऊसचाच आहे. या फ्लॅटचा मालकाने भरल्याचं तिला काही माहीत नाही, प्रतही कधी मिळाली नाही. सोमवारी सकाळी ती औंधला पोचेल. मुलालाही तुमची मेल पाठवली, तो तिकीट बघतोय.

प्रकाश

---

प्रेषक: श्रीकांत, सहकारनगर

सोमवारी मी येतो. तक्रार लिहून झाली की मला वाचायला दे मीनल, कोर्टात बेलिफ होतो, समन्स-हुकूम बजावायचो, कागद कुठे अडतो ते कळतं.

श्रीकांतकाका