आर्थर कॉटन यांच्याबद्दल थोडी भर
वर कोणीतरी लिहिलंय की इंजिनीअर माणूस आणि देवभोळेपणा हे एकत्र जमत नाही. अहो, ब्रिटिश इंजिनीअर आर्थर कॉटन बघा की! आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गोदावरीवर पार खाली आंध्रातल्या धवळेश्वरमला यांनी १८४७ ते १८५२ मध्ये बंधारा बांधला आणि दुष्काळी मुलुख हिरवा केला. कट्टर ख्रिश्चन माणूस, रिटायर होऊन इंग्लंडमधल्या डॉर्किंगला गेले तर तिथे मुलीने दारू सुटावी म्हणून लोकांसाठी कॉफीची खोली काढलेली, त्यात हे तिच्या पाठीशी. तिनेच नंतर बापाचं चरित्र लिहिलं. आणि इकडे आंध्रात गोदावरीकाठी गावोगावी कॉटन यांचा घोड्यावर बसलेला पुतळा दिसतो, गळ्यात झेंडूचा हार, आणि लोक म्हणतात ‘कॉटन दोरा’, म्हणजे आपले कॉटनसाहेब. परधर्मातल्या गोऱ्या साहेबाला हार, मला तर जाम भारी वाटतं.