सासरची माणसं माफिया निघाली तर? 'मिकी ब्लू आइज' बघितलाय का कोणी?

झोपमोड
काल रात्री झोप येईना म्हणून मिकी ब्लू आइज लावला. १९९९ चा आहे, ह्यू ग्रांट, जीन ट्रिपलहॉर्न आणि जेम्स कान. ह्यू ग्रांट न्यूयॉर्कमध्ये एका ऑक्शन हाऊसमध्ये लिलाव करणारा सभ्य इंग्रज माणूस, त्याची मैत्रीण (ट्रिपलहॉर्न) शाळेत शिकवते, आणि हा लग्नाचं विचारतो तर ती रडत पळूनच जाते, कारण तिचे वडील माफियातले. हा म्हणतो मी नाही गं अडकणार, आणि पुढच्या अर्ध्या तासात मानेपर्यंत अडकतो.
अर्ध्यात मला वाटायला लागलं की हे मी कुठेतरी बघितलंय. लिलाव, गुंडाने काढलेलं भयाण चित्र, सभ्य होणारा जावई... अरे हा तर आपला हिंदी वेलकम! म्हणजे तिकडूनच उचललाय का? की माझंच काहीतरी? आणि दुसरा प्रश्न, शनिवारी आईबाबांसोबत बघता येईल असं या प्रकारातलं अजून काय आहे? जास्त मारामारी नको, आईला रक्त चालत नाही.

तिसरी_घंटा
नाही, बरोबर ओळखलंस. वेलकम आला तेव्हापासून लोक हेच म्हणतायत. अक्षय कुमार त्यातही ऑक्शन हाऊसमध्येच असतो आणि त्यातल्या गुंडाचं, मजनूभाईचं ते घोड्यावर गाढवाचं चित्र तर आता सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. मिकीमध्ये बॉसचा मुलगा चित्रकार, आणि ती चित्रं बघवत नाहीत. वेलकमच्या शेवटी दरीच्या टोकाला हलणारं घर मात्र चॅप्लिनच्या गोल्ड रश वरून, तो १९२५ चा. म्हणजे दिग्दर्शक अनीस बाझमीने दोन-तीन दुकानातला माल एकाच पिशवीत भरलाय.
पण माझं मत थोडं वेगळं आहे. उचलला तरी मधली गोष्ट पार उलटी केलीये आणि मला ती उलटीच जास्त आवडते. मिकीमध्ये अडचण अशी की पोरगी चांगली, पोरगा चांगला, पण सासरा लाघवी. तो धमकी देतच नाही. जावयाच्या ऑक्शन हाऊसची मालाची गाडी वेळेवर येत नसते, सासरेबुवा एक फोन करतात, गाडी दारात. झालं, आता तू आमच्यातला. मग "एवढं एक काम कर ना" सुरू होतं. आपल्याकडे जावई दहावा ग्रह म्हणतात, इथे सासराच दहावा ग्रह आहे आणि तो वक्री आहे.
वेलकममध्ये याच्या उलट, गुंडांनाच स्थळ मिळत नाहीये! उदयभाईकडे पैसा आहे, माणसं आहेत, बंदुका आहेत, पण बहिणीसाठी चांगलं घराणं काही मिळेना. आणि तिकडे परेश रावल भाच्यासाठी खानदानी मुलगी शोधत फिरतोय. म्हणजे दोन्हीकडे वधूवर सूचक मंडळाचाच प्रॉब्लेम. हे न्यूयॉर्कच्या माणसाला सुचणारच नाही. तिथे मुलगीच "माझ्याशी लग्न करू नकोस, बिघडशील" म्हणते, इथे मुलीला विचारतंय कोण, मामा आणि भाऊ बसून ठरवतायत.

चहा_बशीतून
+१ स्थळाच्या मुद्द्याला.
आणि उदयभाई झालेल्या नाना पाटेकरबद्दल कोणीच काही बोलत नाहीये?? परिंदा सिनेमातला त्याचा खलनायक अण्णा (१९८९) बघून मी लहानपणी आठवडाभर काडेपेटीला हात लावला नव्हता. त्याच माणसाने २००७ मध्ये, सिनेमात हिरो व्हायची हौस असलेला डॉन केला आणि चेहऱ्यावर तोच राग ठेवून केला. तो हसवायला जातच नाही म्हणून हसू येतं. जेम्स कानचंही तसंच, गॉडफादरमधला सनी तो, इथे गाडीत बसून जावयाला माफियासारखं बोलायला शिकवतोय आणि ह्यू ग्रांटच्या तोंडून दर वेळी घसा बसलेल्या माणसासारखं काहीतरी निघतंय. तो एक सीन सोडला तर पिक्चर ठीकठाकच आहे हां, उगाच डोक्यावर घेऊ नका. ह्यू ग्रांटचा त्याच वर्षीचा नॉटिंग हिल कितीतरी बरा.

टाळेबंद_ताई
नोकरीच अकाउंट्सची असल्यामुळे मला प्रेमकथेत कमी आणि त्या चित्रांत जास्त इंटरेस्ट 😄 कारण चित्रांच्या लिलावातून काळा पैसा पांढरा करायची ती मिकीमधली आयडिया अगदीच हवेतली नाहीये. चित्राची किंमत किती हे ठरवणार कोण? काळा पैसा असलेल्याने आपलंच टुकार चित्र लिलावात ठेवायचं, आपल्याच माणसाने वाट्टेल ती बोली लावायची, की तोच पैसा पांढरा होऊन लिलावाच्या पावतीसकट घरी परत येतो. कमिशन गेलं तर गेलं. युरोपात आता १०,००० युरोच्या वरच्या चित्रांच्या व्यवहारात गिऱ्हाइकाची ओळख तपासावीच लागते, तो नियम २०२० च्या सुमाराला लागू झाला. म्हणजे आज तो इंग्रज जावई पहिल्या चित्रालाच केवायसीत अडकला असता आणि पिक्चर पंचवीस मिनिटांत संपला असता.

एडिसनचा_बंड्या
न्यू जर्सीत राहतो म्हणून दोन शब्द. आमच्या शेजारचे इटालियन आजोबा असले पिक्चर लागले की वैतागतात, म्हणतात आमच्यातले बहुतेक लोक प्लंबर नाहीतर पोस्टमन झाले आणि पडद्यावर बघावं तर सगळे बंदूकवाले. त्यांचा आवडता मूनस्ट्रक, १९८७ चा. ब्रुकलिनचं इटालियन घर, चेर हिरॉइन (ऑस्कर मिळालं तिला), सगळं घर जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या लफड्यांवर वाद घालतंय आणि माफिया औषधालाही नाही. मला तर ते आमचं सदाशिव पेठेतलं घर वाटलं, फक्त पास्ता जास्त.
माफियाच हवा असेल तर मॅरीड टू द मॉब, १९८८. यात लग्न करून आत जायचं नाहीये, बाहेर पडायचंय. मिशेल फायफरचा नवरा गुंड, तो मरतो, आणि ही सगळं घर विकून-वाटून मुलाला घेऊन एका फाटक्या खोलीत राहायला जाते, तर बॉस मागे आणि एफबीआयवालाही मागे. शिवाय बॉसची बायको! मर्सिडीज रूल आहे ती, तिच्या एंट्रीला बॉससुद्धा टरकतो. बॉस झालेल्या डीन स्टॉकवेलला ऑस्करचं नामांकन होतं. थोडी गोळीबारी आहे, पण हसत हसत.

तिसरी_घंटा
प्रिझीज ऑनर कोणी सुचवायच्या आत सांगतो, आईबाबांसोबत नको. १९८५ चा, जॅक निकल्सन आणि कॅथलीन टर्नर, नवरा सुपारी घेणारा आणि बायकोही सुपारी घेणारी. कॉमेडी म्हणतात पण शेवट बघून जेवण जात नाही. अँजेलिका ह्यूस्टन मात्र त्यात काय आहे, बापाच्या दिग्दर्शनात ऑस्कर घेतलं तिने.

झोपमोड
धन्यवाद मंडळी. घरी विचारलं. बाबा म्हणाले वेलकम लाव, त्यांचा अकरा वेळा बघून झालाय. आई म्हणाली मूनस्ट्रकमध्ये काय आहे, मी म्हटलं एका बाईचं एकाशी ठरलंय आणि ती त्याच्या भावाच्या प्रेमात पडते. तर म्हणे, "त्यापेक्षा माफिया बरा." तर शनिवारी मॅरीड टू द मॉब. सबटायटल असलेला कुठे मिळेल ते सांगा फक्त, इंग्लिश चालतील, बाबा मोठ्याने वाचून दाखवतात.

चहा_बशीतून
बाबा वाचणार असतील तर सबटायटल नको, शेजाऱ्यांनाही बोलव.