मदत हवी आहे: बालमृत्यूदर दुप्पट दिसतोय, सोमवारी बैठक

आकडेवाली_धारणी: एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा बालमृत्यूदर यंदा दुप्पट आलाय. साहेब म्हणतात, "आकडा दुरुस्त करा, नाहीतर कारण लिहून द्या." आकडा बरोबर आहे, प्रत्येक मृत्यू आशाताईंच्या वहीशी ताडून पाहिलाय. संख्याशास्त्रात एमएस्सी करून मी मुद्दाम मेळघाटात आले, पण ऑफिसात सगळे डाटा एन्ट्रीवाली समजतात. लेखी काय देऊ? की सोडून मुंबईत देवनारला आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटची (जैवसंख्याशास्त्राची) एमएस्सी करू? लवकर सांगा.

वर्धेकर: जन्म किती, मृत्यू किती? नुसतं दुप्पट म्हणून काय कळणार?

आकडेवाली_धारणी: दोन्ही वर्षी जन्म 240. मृत्यू 6 होते, आता 12.

स्पर्धा_परीक्षा: ताई, कंत्राटी नोकरीत भविष्य नाही. एमपीएससी द्या.

वर्धेकर: तिने ते विचारलेलं नाही. दर हजार जन्मांमागे 25 वरून 50 झाला, पण एवढ्या लहान संख्येत 95 टक्क्यांचा पल्ला, म्हणजे खरा दर ज्या मर्यादेत असू शकतो ती, 25 साठी साधारण 9 ते 54 आणि 50 साठी 26 ते 87 येतो. साहेबांना असं सांगा: दोन्ही वर्षांचे मिळून 18 मृत्यू; नाणं 18 वेळा उडवलं तर 12-6 किंवा त्याहून विषम वाटणी चारातून जवळपास एकदा पडतेच. तीन वर्षं एकत्र करून दर द्या.

एएनएम_ताई: बारा लेकरं गेली न बाप्पा! ते नाण्यात कुठं बसते? बाराही घरी जाऊन मृत्यूचं कारण लिहा. कमी वजन होतं का, न्यूमोनिया होता का, गाडी उशिरा आली का.

वर्धेकर: दोन्ही करायचं. दर वाढला हे सिद्ध होत नाही, याचा अर्थ मृत्यू टळण्यासारखे नव्हते असा होत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांची घरपोच काळजी 39 गावांत करून 47 गावांशी तुलना केली, 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. एका केंद्रावर कोणी निकाल काढला नव्हता.

आर_शिका: एक्सेल सोडा, आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिका.

चंद्रपूरकर: सिकलसेलचं कार्ड कुठं काढून मिळते?

एएनएम_ताई: आधी सोल्युबिलिटी टेस्ट करा, मग इलेक्ट्रोफोरेसिस. वेगळा धागा काढा न. धारणीवाल्या ताई, बाळंतपण माहेरी झालं असेल तर जन्माची नोंद तिकडंच होते. बाळ सासरी गेलं तर मृत्यू तुमच्याकडं. ते पाह्यलं का? दिवाळीनंतर बाहेरगावी कामाले जाणारेही असतात.

आकडेवाली_धारणी: आत्ता रजिस्टर काढलं. 12 पैकी 4 बाळांचे जन्म आमच्या 240 मध्ये नाहीतच. वहीत माहेरची गावं लिहिलेली आहेत.

वर्धेकर: मग भाजक (जन्म) आणि अंश (मृत्यू) एकाच गावाचे नाहीत. 4 मृत्यू वगळू नका, तुमच्या गावांच्या बायकांचे माहेरी झालेले जन्म त्या गावांकडून मागवा. टिपणात हे पहिल्या ओळीत लिहा. आणि एमएस्सी झालंय तर पुन्हा एमएस्सी कशाला? मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात संख्याशास्त्रज्ञाची पदं असतात, तिकडे नजर ठेवा.

स्पर्धा_परीक्षा: वय किती ताई तुमचं?

आकडेवाली_धारणी: नंतर सांगते. आधी माहेरच्या उपकेंद्रांना फोन लावते.