एम-बँड नाही म्हणजे मायलोमा नाही?
सीरम इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघायची टेस्ट) एम-बँड, म्हणजे एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचा ठळक पट्टा, दिसला नाही की मायलोमाचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) विषय संपला, असं म्हणतात ते बऱ्याच जणांना लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. काही पेशंटमध्ये त्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी अख्खी अँटिबॉडी बनवतच नाहीत, नुसत्या लाइट चेन (अँटिबॉडीचे छोटे भाग) सोडतात, त्या किडनीतून लघवीत निघून जातात आणि रक्ताचा रिपोर्ट चक्क स्वच्छ येऊ शकतो. म्हणून सोबत फ्री लाइट चेनची टेस्ट लागतेच.

त्यातला कॅपा-लॅम्डा रेशो (लाइट चेनच्या या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण) साधारण ०.२६ ते १.६५ नॉर्मल धरतात, पण खरी मेख इथे आहे, किडनी आधीच कमजोर असेल तर मायलोमा नसतानाही तो थोडा वर सरकतो, त्यामुळे २ वगैरे आकडा बघून लगेच हादरू नका, आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची टेस्ट, बघा (आणि रिपोर्ट गूगलऐवजी हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला दाखवा).