मुठेच्या गाळातले जड धातू: पार्श्वभूमी मूल्य कोणतं धरावं? (मदत हवी आहे)

पुण्याच्या मुठा नदीत खडकवासला धरणाखालून मुळा-मुठा संगमापर्यंत आणि पुढे मुंढव्यापर्यंतच्या गाळात तांबं, जस्त, शिसं, क्रोमियम, निकेल मोजलंय. ६३ मायक्रॉनखालचा भाग, अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून, आयसीपी-ओईएस या धातू मोजणाऱ्या उपकरणावर. सोबतच्या प्रमाणित संदर्भ नमुन्याचे आकडे बरोबर येतात, त्यामुळे मोजणीची शंका नाही.

घोडं अडलंय ते म्युलरच्या १९६९ च्या भू-संचय निर्देशांकात; त्यात मोजलेल्या प्रमाणाला पार्श्वभूमी मूल्याने, म्हणजे प्रदूषण नसतानाच्या नैसर्गिक प्रमाणाने, भागून प्रदूषण ठरवतात. छेदात सरासरी शेलची (चिखलापासून बनलेल्या खडकाची) मूल्यं धरली (तांबं ४५, निकेल ६८, शिसं २० पीपीएम), तर धरणाच्या वरचा स्वच्छ गाळही तांब्याने प्रदूषित ठरतो! दख्खनच्या बेसॉल्टमध्येच तांबं सहज १०० पीपीएमच्या पुढे असतं. शिशाचं नेमकं उलट: बेसॉल्टमध्ये ते फार कमी, म्हणून शहरातलं खरं शिसं झाकलं जातं. मला जास्त काळजी याचीच वाटते, कारण खाली याच पाण्यावर शेती होते.

ताज्या बेसॉल्टची प्रकाशित मूल्यं वापरून पाहिली, पण झीज होताना धातूंचं प्रमाण बदलतं, मग ती तुलना कितपत खरी? खोल गाभा (खालच्या जुन्या थरांपर्यंतचा उभा नमुना) काढावा तर वाळूउपशाने पात्र ढवळलेलं, आणि थरांच्या कालमापनाची सोय नाही. प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाला परवानगी नाही, त्यामुळे समृद्धी गुणकासाठी (धातूचं एखाद्या स्थिर घटकाशी असलेलं गुणोत्तर पार्श्वभूमीशी ताडण्यासाठी) लागणारं एकूण अ‍ॅल्युमिनियमही मिळत नाही.

बेसॉल्टी खोऱ्यात काम केलेल्यांनी कृपया सांगावं: खडकवासल्याच्या वरच्या पानशेत-वरसगाव धरणांच्याही वरच्या ओढ्यांतला, त्याच पद्धतीने विरघळवलेला गाळ पार्श्वभूमी म्हणून चालेल का? आणि प्रमाणीकरणाला अ‍ॅक्वा रेजियात सुटलेलं लोह घ्यावं की दुसरं काही?