मदत हवी आहे: शुक्रजंतू शून्य आलेत, इक्सीआधी कोणत्या तपासण्या?

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळी. मूल नाही म्हणून बायकोची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, नवस, सगळं झालं. माझा नंबर शेवटी लागला. (आपल्याकडे हे असंच चालतं, त्यावर वेगळं भांडू.) रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य, पुन्हा केला तरी तेच. एफएसएच (शुक्रजंतू तयार व्हायला चालना देणारं संप्रेरक) वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक) कमी. विशीत गालगुंड झाले तेव्हा अंडकोषही सुजले होते.

डॉक्टर थेट इक्सी म्हणतात. १९९२पासूनच्या या पद्धतीत एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात टोचतात, त्यामुळे अंडकोषातून थोडे मिळाले तरी भागतं. पण आधी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या-रचना बघणं) आणि वाय गुणसूत्राची मायक्रोडिलीशन तपासणी (त्याचा बारीक तुकडा गळालाय का ते) नको का? वाय गुणसूत्रावर शुक्रजंतू तयार होण्यासाठी लागणारे एझेडएफ-ए, बी, सी असे भाग असतात; त्यातला ए किंवा बी पूर्ण गेलेला असेल तर शुक्रजंतू सापडायची आशा जवळपास नसते, सी गेला असेल तर असते, पण तो दोष मुलग्याकडे जातो. चिरफाडीआधी कळलेलं बरं.

जळगाव-भुसावळात हे रक्त घेणारी लॅब आहे का? नाशिक-पुण्यात मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून शुक्रजंतू शोधून काढायची शस्त्रक्रिया) कोणी केलंय? शुक्रजंतू आधी काढून गोठवले की स्त्रीबीजं काढायच्या दिवशीच काढले? खर्चाचा अंदाजही सांगा, केळीचा भाव बघून तारीख ठरवावी लागेल.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवू नका, त्याने शुक्रजंतू तयार होणं उलट दबतं. चूर्णवाल्यांचे नंबरही नकोत. मेसेज केला तरी चालेल.